प्रस्तावाची पत

खानदेशच्या बाजारपेठेत पत हे भांडवलाहूनही मोठे भांडवल मानले जाते. जळगावचा दाणाबाजार असो वा धुळ्याचा आग्रा रोड, ज्या पेढीचा शब्द तीन पिढ्या पाळला गेला तिला माल मिळविण्यासाठी कागद दाखवावा लागत नाही. संघातील दानही याच रीतीने चालत आले आहे. पर्युषणात बोली लागते, चातुर्मासाच्या खर्चासाठी आवाहन होते, सभेत कोणी श्रावक उभा राहून आकडा उच्चारतो आणि तो आकडा पूर्ण होतो. मागणारा व देणारा एकमेकांना ओळखतात. ही ओळख हेच तारण असते.

अनुदानाच्या व्यवहारात हे तारण नसते. दिल्लीतील मंत्रालयाचा अधिकारी, मुंबईतील एखाद्या न्यासाचा कार्यक्रम-प्रमुख किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व समितीचा सदस्य धुळ्याच्या संघाला ओळखत नाही. त्याच्यापुढे येतात ती केवळ दहा-बारा पाने. संघाची सचोटी, कार्याची निकड, कार्यकर्त्यांची तयारी हे सारे त्या पानांवरून त्याला ताडावयाचे असते. म्हणून अनुदानाचा प्रस्ताव हा अनोळखी माणसाजवळ पत निर्माण करणारा कागद होय. अनेक चांगली कामे पैशावाचून अडतात. पण त्यांतील कित्येक प्रत्यक्षात या कागदावाचून अडलेली असतात.

हा विचार येथे ज्ञानभांडाराच्या उदाहरणाने मांडणे योग्य ठरेल, कारण ते काम थांबण्यासारखे नाही. खानदेशचा उन्हाळा हस्तलिखिताचे पान कोरडे व ठिसूळ करतो आणि त्यापाठोपाठ येणारा पावसाळा त्याच पानाला दमटपणा व बुरशी देतो. उपाश्रयाच्या, स्थानकाच्या किंवा जुन्या वाड्याच्या कपाटात लाल कापडात बांधून ठेवलेल्या पोथ्यांचे आयुष्य दर ऋतूला थोडे घटत असते. ज्ञानपंचमीला त्यांची पूजा होते. पण सोडून, पुसून, नोंद करून पुन्हा बांधणारे हात कमी झाले आहेत आणि आत काय लिहिले आहे हे सांगू शकणारे त्याहूनही कमी.

प्रशस्तीची परंपरा

जैन समाजाला अनुदान व त्याचा हिशेब हा विषय नवा नाही. सप्तक्षेत्रांतील दानात जिनागमाला स्थान आहे आणि ग्रंथ लिहवून घेणे हे श्रावकाचे मोठे पुण्यकर्म मानले गेले. अशा अनेक पोथ्यांच्या अखेरीस पुष्पिका किंवा प्रशस्ती आढळते. कोणत्या संवतात, कोणत्या तिथीस, कोणत्या गावी, कोणत्या लेखकाने ही प्रत लिहिली. कोणत्या श्रावकाने वा श्राविकेने ती लिहविली. कोणाच्या श्रेयासाठी आणि कोणत्या मुनींच्या उपदेशाने, हे तेथे नोंदलेले असते.

आज अनुदान देणारी संस्था काम संपल्यावर जे विचारते तेच हे आहे: पैसा कोणाचा, काम कोणाचे, कोठे झाले, केव्हा पूर्ण झाले, कोणासाठी झाले. फरक इतकाच की प्रशस्ती कामाच्या शेवटी लिहिली जाई आणि प्रस्तावात तीच माहिती कामाच्या आधी लिहावयाची असते. ज्या संघाला आपली प्रशस्ती आजच, नेमक्या शब्दांत लिहिता येते, त्याचा प्रस्ताव निम्मा सिद्ध झाला असे समजावे.

धुळ्याचा एक धडा, पुण्याचा दुसरा

धुळे हे नाव महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यामुळे कायमचे कोरले गेले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे तिचे बावीस खंड निघाले. गावोगाव फिरून, घराघरांतील दफ्तरे उलगडून राजवाड्यांनी कागद जमविले. त्यामागे बळ होते ते एका माणसाच्या ध्यासाचे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. ध्यास माणसाबरोबर संपतो, कागद मात्र मागे राहतात. ते राहिले, कारण धुळ्यातील जाणत्या मंडळींनी लगेच पुढे येऊन १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. प्रस्ताव वाचणाऱ्याच्या मनात जो प्रश्न प्रथम उमटतो त्याचे उत्तर या घटनेत आहे. हे काम करणारा माणूस उद्या नसला तर काय, असा तो प्रश्न. ज्या प्रस्तावात एकाच उत्साही कार्यकर्त्याचे नाव पानोपानी येते त्याला तेथेच ग्रहण लागते.

दुसरा धडा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा. ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचा संकल्प केला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपयांचे वचन दिले आणि १९१९ साली कामाला आरंभ झाला. एवढ्या प्रचंड कामाला एका दात्याचे धन पुरणारे नव्हते. संस्थेने काय केले? १९२३ साली नारायण बापूजी उत्गीकर यांनी संपादित केलेले विराटपर्व नमुन्यादाखल प्रसिद्ध केले आणि ते देशोदेशीच्या विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठविले. ‘आम्ही असे काम करू’ असे सांगण्याऐवजी ‘आम्ही केलेले काम हे असे आहे, उणिवा सांगा’ असे म्हणण्याचे धैर्य त्यात होते.

१९२५ साली डॉ. विष्णू सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजमध्ये गणित आणि बर्लिनमध्ये भारतविद्या शिकलेल्या या विद्वानाने कामाची पद्धत नव्याने बांधली. १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग निघाला आणि १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे हाती घेऊन पाहता येत होता. त्यामुळे आधी दिलेल्या पैशाचे फळ दिसे आणि पुढच्या पैशाची मागणी त्या फळाच्या आधारे करता येई. १९४३ साली सुखटणकर निवर्तले. त्यांची जबाबदारी डॉ. श्री. कृ. बेलवलकर यांनी आणि नंतर डॉ. प. ल. वैद्य यांनी सांभाळली. १९६६ साली काम पूर्ण झाल्याचा समारंभ राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत झाला. आरंभीचे दाते व संपादक तोपर्यंत कालवश झाले होते, तरी काम चालू राहिले. नमुना, टप्पे आणि उत्तराधिकार या तीन गोष्टींवर सत्तेचाळीस वर्षे पत टिकली. लहान संघाच्या एका वर्षाच्या प्रस्तावालाही याच तीन गोष्टी लागतात.

आधी यादी, मग मागणी

‘आमच्याकडे प्राचीन व दुर्मिळ हस्तलिखितांचा अमूल्य ठेवा असून तो नष्ट होण्याच्या मार्गावर आहे’ या वाक्याने आरंभ होणारे प्रस्ताव पुष्कळ येतात आणि परत जातात. अमूल्य या शब्दाचे मोल कोणालाच ठरविता येत नाही. त्याऐवजी मोजता येणारी वाक्ये लिहावीत: पोथ्या किती, पाने किती, कागद कोणता, भाषा व लिपी कोणती, सर्वांत जुना संवत कोणता, किडीने खाल्लेल्या किती, ओलीने चिकटलेल्या किती. दुकानात माल किती हे ठाऊक नसताना कोणी व्यापारी कर्ज मागावयास जात नाही. तसेच हे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. एखाद्या संघाकडे ६०० पोथ्या आहेत. एका पोथीत सरासरी ४० पाने असावीत असा विश्वस्तांचा अंदाज. त्याप्रमाणे २४,००० पाने आणि दोन्ही बाजू धरून ४८,००० छायाचित्रे होतात. एका दिवसात ४०० छायाचित्रे निघाली तर १२० दिवस लागतील. आता प्रस्ताव पाठविण्यापूर्वी संघाने वेगवेगळ्या कपाटांतून २० पोथ्या सोडल्या, मोजल्या, साफ केल्या आणि त्यांची नोंद व छायाचित्रे प्रत्यक्ष केली. पाने ९०० भरली. म्हणजे सरासरी ४५. एकूण पाने २७,००० झाली, छायाचित्रे ५४,००० आणि दिवस १३५. शिवाय दमट हवेत पोथ्या उघडणे इष्ट नसल्याने पावसाळ्याचे महिने वगळावे लागले. काही पोथ्यांची पाने एकमेकांना चिकटलेली निघाली. त्यांच्यासाठी जाणकार संवर्धकाची गरज आहे हेही कळले.

एवढ्या छोट्या चाचणीने अंदाजाचे रूपांतर माहितीत झाले. प्रस्तावासोबत त्या वीस पोथ्यांची सूची व आधीची-नंतरची छायाचित्रे जोडली, की वाचणाऱ्याला संघाचे विराटपर्व हाती मिळाले. या चाचणीला लागतो तो आठ-दहा दिवसांचा वेळ आणि चार स्वच्छ हात. तेवढेही संघाला जमत नसेल, तर मोठी रक्कम त्याच्या हाती का द्यावी, ही देणाऱ्याची शंका रास्तच ठरते.

देणाऱ्याचा हेतू

प्रत्येक निधीला त्याचा स्वतःचा हेतू असतो आणि तो जाणून न घेता केलेली मागणी चुकीच्या पेढीवर टाकलेल्या हुंडीसारखी परत येते. केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. त्यात हस्तलिखित म्हणजे किमान पंचाहत्तर वर्षे जुने, हाताने लिहिलेले व महत्त्वाचे लेखन, अशी व्याख्या आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशनची घोषणा झाली. विद्यापीठे, संग्रहालये, ग्रंथालये आणि खासगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व संवर्धन हा तिचा उद्देश आहे. येथे सूची, संवर्धन आणि अभ्यासकांना उपलब्धता या शब्दांना वजन आहे.

कंपन्यांच्या निधीची भाषा वेगळी. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. ती कोणत्या विषयांवर करावी हे कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन आणि सार्वजनिक ग्रंथालये आहेत. केवळ धार्मिक विधी वा उत्सव हा विषय तेथे नाही. म्हणून ज्ञानभांडाराचा प्रस्ताव लिहिताना त्याचे दार कोणासाठी, कोणत्या नियमांनी उघडे राहील हे स्पष्ट लिहावे लागते. प्राकृत, संस्कृत, जुनी गुजराती, राजस्थानी वा मराठी यांचा अभ्यासक, मग तो कोणत्याही समाजाचा असो, तेथे येऊ शकेल काय? संघाचे उत्तर नकारार्थी असेल तर त्याने तो निधी मागू नये. ते अधिक सरळ होईल.

कागदपत्रांची सिद्धताही आधीच असावी. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी व अद्ययावत विश्वस्त यादी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकर खात्याची बाजारात ‘१२-अ’ व ‘८०-जी’ या नावांनी परिचित असलेली प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या ‘दर्पण’वरील नोंद, कंपन्यांच्या निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक ठरलेली ‘सीएसआर-१’ नोंदणी आणि विश्वस्त मंडळाचा ठराव. यांतील एखादे प्रमाणपत्र मुदतबाह्य असल्याचे अखेरच्या दिवशी कळले, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. दिवंगत विश्वस्ताचे नाव यादीतून कमी करण्याचे राहून गेलेले असते आणि तेवढ्यावर अर्ज अडतो. ही कामे मार्च अखेरीच्या धावपळीत करू नयेत.

अंदाजपत्रक म्हणजे दुसरी कथा

प्रस्ताव तपासणारे अनेक जण मजकुराआधी अंदाजपत्रक वाचतात. मजकूर काय म्हणतो आणि आकडे काय म्हणतात हे जुळले पाहिजे. मजकुरात संवर्धनाचे महत्त्व गाइलेले आणि अंदाजपत्रकात निम्मी रक्कम संगणक व वातानुकूलनावर, उद्घाटनाला स्वतंत्र तरतूद, पण सूची करणाऱ्या जाणकाराचे मानधन नाममात्र, असे असेल तर संघाचे मन कोठे आहे हे न सांगता कळते. प्रत्येक रकमेपुढे तिचे गणित असावे: किती दिवस, किती माणसे, कोणता दर, आणि तो दर कोणत्या दरपत्रकावरून घेतला. ‘इतर खर्च’ या नावाखाली मोठी रक्कम ठेवणे कोणत्याही मुनिमाला रुचणार नाही. देणाऱ्यालाही रुचत नाही.

खर्च कमी दाखविणे हाही दोष आहे. स्वस्त दिसावे म्हणून मानधन निम्मे लिहिले, की सहाव्या महिन्यात जाणकार निघून जातो आणि काम अर्धवट राहते. तसेच संघाचा स्वतःचा वाटा आकड्यांत लिहावा: खोली, कपाटे, वीज, स्वयंसेवकांचे तास, आणि शक्य तर काही रोख रक्कम. ज्या कामात मागणाऱ्याने स्वतःचे काही घातलेले नाही त्यात दुसऱ्याने का घालावे?

न सोडण्याच्या मर्यादा

अनुदानाच्या मोहात स्वतःचा आचार गहाण पडू नये. पोथीतील कीटक विषारी धुराने मारणे हा उपाय काही ठिकाणी वापरला जातो. संघाला तो मान्य होणार नाही. मग प्रस्तावातच जयणेचा मार्ग लिहावा: कोरडी व हवेशीर जागा, भिंतीपासून दूर कपाटे, ठरावीक महिन्यांनी पोथ्या सोडून पाहणे, मऊ कुंच्याने साफसफाई, वेखंडासारखी जुनी परिचित योजना, आणि कीड लागूच नये याची दक्षता. प्रतिबंध हाच संवर्धनाचा पहिला नियम असल्याचे या क्षेत्रातील जाणकारही मानतात. त्यामुळे ही मर्यादा प्रस्तावाचे बळ ठरू शकते.

मूळ पोथी वास्तूबाहेर जाणार नाही, पाने हाताळताना आशातना होणार नाही, छायाचित्रांवर अधिकार कोणाचा व ती कोणाला कोणत्या अटीवर मिळतील, हेही पैसा येण्यापूर्वीच लिहिलेले बरे. एखाद्या कुटुंबाने संघाकडे केवळ ठेव म्हणून दिलेल्या पोथ्या असतील, तर त्यांची लेखी संमती आधी घ्यावी. नंतर उद्भवणारे वाद पोथ्यांना वाळवीइतकेच घातक ठरतात.

मंजुरीनंतरचे वर्ष

मंजुरीचे पत्र आले की पेढे वाटले जातात आणि प्रस्तावाची प्रत कपाटात जाते. वास्तविक त्या दिवसापासून ती रोजच्या वहीसारखी टेबलावर असावी. अनुदानाची स्वतंत्र नोंद, प्रत्येक खर्चाचे मूळ बिल, किती पोथ्या झाल्या याची मासिक टीप आणि ठरल्या वेळी अहवाल, एवढे पाळले तर वर्षअखेरीस लेखापरीक्षकाची भीती राहत नाही. शासकीय अनुदानाला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार त्या रकमेवर बँकेत जमलेले व्याजही सरकारचे असते. व्याजाचा हा नियम व्यापारी घराण्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. परक्याची रक्कम परक्याच्याच खात्यावर वाढते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

काम ठरल्यापेक्षा मागे पडले तर ते लपवू नये. तीनशे पोथ्यांऐवजी दोनशे चाळीस झाल्या आणि त्याचे कारण अमुक, असे वेळेवर कळविणाऱ्या संस्थेवरील विश्वास वाढतो. अखेरच्या आठवड्यात सबबी सांगणाऱ्या संस्थेवरचा उडतो. आणि नकार आला तर? नकाराचे कारण नम्रपणे विचारावे, नोंदवावे आणि पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव त्या त्रुटीपुरता सुधारून पाठवावा. पहिल्या सौद्यात न जमलेल्या गिऱ्हाइकाला व्यापारी कायमचा सोडून देत नाही.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना

या विषयाचे जैन व्यापारी समाजापुरते एक वैशिष्ट्य आहे. त्यातील अनेक घराणी मागणाऱ्या संघाच्या विश्वस्त मंडळावरही असतात आणि देणाऱ्या न्यासाच्या किंवा कंपनीच्या समितीवरही. जळगावात भवरलालजी जैन यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले व २५ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते लोकार्पण झालेले गांधीतीर्थ हे अशा दानातून साकारलेल्या कागदपत्र-जतनाचे जवळचे उदाहरण आहे. अशा वेळी संघातील तरुणांना, विशेषतः हिशेब व संगणक जाणणाऱ्या मुली-सुनांना, प्रस्ताव लिहिण्याचे काम सोपवावे. ज्येष्ठांनी पोथ्यांची माहिती सांगावी, तरुणांनी ती मांडावी आणि देण्याच्या बाजूला बसणाऱ्यांनी ती परक्याच्या कठोर दृष्टीने तपासावी. घरचा म्हणून सवलत दिलेला प्रस्ताव बाहेर टिकत नाही.

येत्या ज्ञानपंचमीला पूजेसाठी पोथ्या बाहेर निघतीलच. त्या दिवशी केवळ वीस पोथ्या सोडून त्यांची पाने मोजावीत आणि एका वहीत नोंदवावीत: नाव, भाषा, संवत, पाने, स्थिती. अनुदान मिळो वा न मिळो, ती वही संघाजवळ राहील. आणि प्रस्ताव जेव्हा लिहिला जाईल तेव्हा त्याचे पहिले पान आधीच लिहून झालेले असेल.